‘फँटम थ्रेड’मधले शिवणकाम शोभेचे नाही

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

पॉल थॉमस अँडरसन यांच्या ‘फँटम थ्रेड’ या 2017 सालच्या चित्रपटावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. डॅनिअल डे-लुईस, व्हिकी क्रिप्स आणि लेस्ली मॅनव्हिल यांच्या अभिनयाबद्दल लेखकाने जे लिहिले आहे ते पटले. जॉनी ग्रीनवुड यांच्या संगीताबद्दलचेही पटले. पण दोन वाक्ये खटकली, म्हणून हे पत्र. एक, ‘मधला तासभर काही घडतच नाही, नुसते शिवणकाम चालते.’ दुसरे, ‘नायक शिंपी आहे; तो चित्रकार असता तरी कथेला फरक पडला नसता.’

फरक पडला असता. चित्रकार समोरच्या व्यक्तीला हात न लावता तिचे चित्र काढू शकतो. पोशाख करणाऱ्याला तिच्या खांद्यापासून घोट्यापर्यंत टेप फिरवावी लागते, तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर खाली आहे हे पाहावे लागते आणि हा दोष तिच्याही लक्षात येणार नाही असा लपवावा लागतो. उंची पोशाख करणारा नायक रेनल्ड्स वुडकॉक आणि त्याची प्रेयसी आल्मा यांची प्रेमकथा याच कामातून सरकते. ‘काही घडत नाही’ असे ज्याला वाटले त्या तासाभरात बरेच काही घडते. फक्त ते कापडात घडते.

आधी ‘शिंपी’ या शब्दाबद्दल. संत नामदेवांच्या मराठीत तो शब्द मानाचाच आहे, त्याला आमची हरकत नाही. पण 1950 च्या दशकातल्या लंडनमध्ये कोट-सूट शिवणारा आणि बायकांचे उंची पोशाख करणारा ही दोन वेगळी माणसे होती, त्यांची हत्यारेही वेगळी. कोटाचे काम लोकरीचे: इस्त्रीने आणि वाफेने कापडाला आकार द्यायचा, वरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये घोड्याच्या केसांचे कॅनव्हास बारीक तिरक्या टाक्यांनी बसवायचे. पोशाखाचे काम रेशमाचे, मखमलीचे, लेसचे. तिथे इस्त्री शत्रूसारखी वागते आणि आकार टक्स (शिवून घेतलेल्या चुण्या), कळ्या (घेराचे उभे तुकडे) आणि उरेब, म्हणजे तिरक्या, कापणीतून काढावा लागतो. हा भेद चित्रपटाला ठाऊक आहे. पहिल्याच भेटीत वुडकॉक आल्माला सांगतो की कोटाच्या कॅनव्हासमध्ये काहीही लपवून शिवता येते, आणि आपल्या कोटात आईच्या केसांची बट असल्याचे कबूल करतो. जागा अचूक निवडलेली आहे. अस्तर झिजले तर बदलतात, खिसा फाटला तर उसवतात, पण छातीच्या कॅनव्हासला कोट मोडीत काढेपर्यंत कोणी हात लावत नाही.

त्याच रात्री तो तिची मापे घेतो. त्याची बहीण सिरिल येते, वही उघडते आणि तो सांगेल तो आकडा टिपत जाते. प्रेक्षकांना हा प्रसंग क्रूर वाटतो, आणि तो आहेच. पण माप घ्यायला दोन माणसे लागतातच. एकाचे दोन्ही हात टेपवर असतात, त्याने मध्येच पेन उचलले की टेप सरकते. माप देणारीने समोर पाहायचे असते. आकडा वाचायला तिने मान खाली घातली की मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंतची पाठ सेंटिमीटरभर सहज वाढते, मग शिवलेल्या कपड्याची पाठ फुगते आणि पुढचा भाग आखूड पडतो. छाती, कंबर, नितंब ही तीन मापे रस्त्यावरच्या दुकानातही घेतात. खरे काम पुढे सुरू होते: खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत, दोन टोकांमधले अंतर, पाठीची रुंदी, मुंढ्याचा (बाही जोडतात त्या जागेचा) घेर, दंड, कोपरापर्यंत आणि कोपरापासून मनगटापर्यंत. अशी पंचवीस-तीस मापे होतात. इतक्या आकड्यांत माणूस संपूर्ण उघडा पडतो. आल्माच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसते ते केवळ अभिनयाचे नाही, त्या कामाचेही आहे.

माझ्याइतका वेळ कोणी उभे राहू शकत नाही, असे आल्मा अभिमानाने सांगते. ही बढाई वाटते, पण हा गुण त्या घरात सोन्याच्या मोलाचा. अर्धा तास उभे राहिल्यावर बहुतेकींचा भार एका पायावर जातो, कंबर एका बाजूला कलते आणि जमिनीपासून मोजलेली घेराची कड तिरकी येते. दुसऱ्या दिवशी दोष कापडाला दिला जातो.

मापांनंतर लगेच रेशीम कापत नाहीत. आधी मांजरपाटात नमुना करतात. मांजरपाट स्वस्त असते, पेन्सिलीची खूण घेते, आणि त्याचे उभे-आडवे धागे डोळ्याला दिसतात. नमुना अंगावर चढवून टाचण्यांनी आवळतात, सैल करतात, चुकेल तिथे कात्रीने फाडून मध्ये तुकडा घालतात. सगळे पटले की तो उसवून सपाट करतात आणि तोच कापणीचा साचा होतो. दोन-तीन नमुने वाया जाणे नित्याचे. छातीच्या आणि नितंबाच्या रेषेवर आडवा धागा जमिनीला समांतर राहतो की नाही, हे या टप्प्यावर पाहायचे. तो एका बाजूला सेंटिमीटरभर जरी उतरला तरी खालचा घेर त्या बाजूला ओढला जातो, आणि नंतर शिवण कितीही सरळ मारली तरी ते सुधारत नाही. वुडकॉक मागे सरकून, मान वाकडी करून नुसता बघत राहतो ते हेच. लेखकाला त्या जागा रिकाम्या वाटल्या. तो धागा वाचत असतो.

उरेब कापडाचे आणखी एक. ते शिवून लगेच खालची दुमड घालायची नसते. निदान एक दिवस, जड कापड असेल तर दोन दिवस ते टांगून ठेवायचे. तिरके धागे स्वतःच्या वजनाने उतरतात, आणि सगळीकडे सारखे उतरत नाहीत. घाई केली तर पहिल्याच समारंभात घेर मागे आखूड आणि बाजूंना लोंबता दिसतो. या चित्रपटाची चाल कोणाला संथ वाटत असेल तर त्यांनी ही दोन दिवसांची वाट लक्षात घ्यावी. उंची पोशाखाच्या घरात वेळ वाया जात नाही, तो कापडाला द्यावा लागतो.

आपल्या शिवणकामात शिवणीपलीकडे सोडलेल्या जास्तीच्या कापडाला ‘माया’ म्हणतात. इंग्रजीला न सुचलेला शब्द. तयार कपड्यांत ही माया एक ते दीड सेंटिमीटर असते, कारण कारखान्याला कापड वाचवायचे असते. अशा घरांतल्या पोशाखात ती अडीच सेंटिमीटरपासून पाच सेंटिमीटरपर्यंत सोडतात. बाई पुढच्या हंगामात जरा भरली तर उसवून सैल करता यावे, आणि अंगावर घालून पाहताना शिवण हलवता यावी, म्हणून. या मायेच्या कडा मशीनने बांधत नाहीत, हाताने विरळ टाके घालून बांधतात, नाहीतर पातळ रेशमावर इस्त्री करताना आतली जाड कड बाहेर उमटते. ‘माया’हून निराळी असते ती हालचालीची सैल. अंगासरशी पोशाखात छातीला साधारण पाच सेंटिमीटर, कमरेला दोन-अडीच. आपल्या चोळीला किंवा बेतशीर ब्लाउजला तेवढीही ठेवत नाहीत, म्हणून तिथे टक्सची जागा अर्धा सेंटिमीटर चुकली तरी कळते. वुडकॉकच्या पोशाखांत माया पुरेशी असते. त्याच्या दिवसाच्या वेळापत्रकात ती अजिबात नाही: नाश्त्याच्या टेबलावर पावाला सुरी घासल्याचा आवाजही त्याला सहन होत नाही. आल्मा पुढे जे करते (शेवट सांगून रसभंग करत नाही) ते या माणसाला उसवून थोडी जागा काढण्याचेच काम आहे. तिची रीत मात्र कोणी घरी करून पाहू नये!

बार्बरा रोझ या श्रीमंत बाईचा प्रसंग लेखात ‘विनोदी तुकडा’ म्हणून आला आहे. दारूच्या नशेत ती वुडकॉकच्या हिरव्या पोशाखाची शोभा घालवते, आणि तो व आल्मा तिच्या खोलीत शिरून झोपलेल्या बाईच्या अंगावरून तो उतरवून आणतात. असा पोशाख बाहेरून एक दिसला तरी आत दुसरा कपडा असतो: नेटची घट्ट चोळी, तिला उभ्या पोलादी पट्ट्या, आणि कमरेला आडव्या धारीच्या जाड रिबिनीची आतली पट्टी. ही पट्टी बाईच्या कमरेपेक्षा सेंटिमीटरभर लहान कापतात आणि हुकांनी आधी लावतात. पोशाखाचे सगळे वजन तिच्यावर बसते. ती नसली तर वजन छातीवर येते, चोळी घसरते आणि बाई रात्रभर दोन्ही हातांनी गळा वर ओढत बसते. उतरवताना उलटा क्रम: आधी वरची चेन, मग चोळीचे हूक, शेवटी कमरपट्टी. बेशुद्ध माणसाच्या अंगावरून हे करणे किती अवघड आहे ते शिवणाऱ्यालाच कळेल. आल्मा ते निर्धाराने करते. पोशाखाचा अपमान तिला त्याच्याइतकाच झोंबला आहे, हे वुडकॉकला तिथे कळते, आणि लगेच रस्त्यात दोघांचे चुंबन येते. आमच्या मते चित्रपटातला सर्वांत शृंगारिक प्रसंग हाच.

लेसबद्दल थोडक्यात. वुडकॉकने जपून ठेवलेली फ्लँडर्सची (आजच्या बेल्जियमच्या भागातली) जुनी लेस आल्माच्या पोशाखाला लागते. ही लेस उशीवर टाचण्या रोवून, लाकडी फिरक्यांवरचे लिननचे (जवसाच्या तंतूंचे) बारीक धागे एकमेकांत गुंफून होत असे. तीनशे वर्षांचे लिनन ताण सोसत नाही. ती कापडावर थेट शिवली तर कापड ताणल्यावर धागा तुटतो, म्हणून आधी बारीक नेटवर मोकळ्या टाक्यांनी बसवतात आणि नेट कापडाला लावतात. जोडताना सरळ शिवण मारत नाहीत. फुला-पानांच्या कडेने कापून एक नक्षी दुसऱ्यावर चढवतात आणि त्याच कडेवर टाके लपवतात. ती नाहीशी झालेली जोड पाहायला डोळे लागतात.

आता लग्नाच्या पोशाखाची रात्र. बेल्जियमच्या राजकन्येचा पोशाख सकाळी रवाना व्हायचा असतो. आजाराने गळालेला वुडकॉक त्यावर कोसळतो आणि पोशाख नासतो. सिरिल शिवणाऱ्या बायकांना थांबवून घेते, आल्माही हाताला सुई लावते. एका रात्रीत हे होईल का, असा प्रश्न लेखकाने विचारला आहे. होते, पण अटी आहेत. जड रेशमी सॅटिनवरचा डाग पाण्याने पुसता येत नाही. पाणी सुकले की कडेला वर्तुळ उमटते आणि ते डागापेक्षा वाईट. म्हणून डाग काढायचा नाही, त्या भागाची कळीच बदलायची. त्यासाठी त्याच ताग्यातले कापड उरलेले हवे, कारण दुसऱ्या रंगणीतला पांढरा उजेडात पिवळट किंवा निळसर दिसतो. नवी कळी त्याच दिशेने कापायला हवी. सॅटिनची चकाकी वरून खाली आणि खालून वर वेगळी दिसते, उलटी कळी लागली तर शेजारच्या दोन कळ्या दोन रंगांच्या वाटतात. टाचण्या फक्त मायेत टोचायच्या, कारण सॅटिनमधले भोक बुजत नाही. कच्चा टाका रेशमी धाग्याचा, म्हणजे इस्त्रीखाली त्याचा वळ उठत नाही. सुई नऊ किंवा दहा नंबरची, दोरा मेणावरून ओढलेला आणि हातभरापेक्षा लांब नाही, साधारण 45 सेंटिमीटर. घाईत माणूस लांब दोरा ओवतो, तो तीनदा गुंततो आणि त्यात दुप्पट वेळ जातो. आणि एका घेराभोवती चार-पाच बायका बसल्या तर प्रत्येकीचा हात वेगळा असतो. एकीचा टाका घट्ट, एकीचा सैल, तर शिवण जागोजागी चुणते. म्हणून दिसणारी शिवण एकीनेच मारायची, बाकीच्यांनी आतले धरायचे. मूळ पोशाखात हातशिलाई आणि भरपूर माया असेल तरच हे सगळे शक्य. मशीनने शिवून कडा कापून टाकलेल्या कपड्यावर ही रात्र फुकट गेली असती.

याच रात्री आल्माला पोशाखाच्या आत वुडकॉकने शिवलेले दोन शब्द सापडतात, कधीही शाप न लागो अशा अर्थाचे. ते ती काढून घेते. ते कोणाला सापडू शकते? घालणारीला नाही, पाहणाऱ्याला नाही, सिरिललाही नाही. फक्त शिवण उसवणारीला. त्या क्षणापासून आल्मा त्या घरातली पुतळी उरत नाही. नायक चित्रकार असता तर हा प्रसंग कुठे ठेवला असता, हे लेखकाने सांगावे.

हातांचे जवळचे दृश्य ‘दुसऱ्या कारागिराचे असावे’ असाही अंदाज लेखात आहे. डे-लुईस यांनी या भूमिकेसाठी न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या वेशभूषा विभागाचे प्रमुख मार्क हॅपल यांच्या हाताखाली काम शिकले आणि शेवटी बालेन्सियागा या नामवंत पोशाखकाराच्या एका साध्या, सरळ पोशाखाची नक्कल करून पाहिली. त्यांना सर्वांत छळले ते काखेखालच्या छोट्या तुकड्याने. बाही अंगाबरोबर एकसंध कापली की हात वर होत नाही, म्हणून काखेत चीर देऊन तिथे चौकोनी किंवा तिकोनी तुकडा बसवतात. चिरेच्या टोकाशी माया शून्यावर येते, तिथे धागे लगेच सुटतात. म्हणून चीर देण्याआधी टोकावर ऑर्गन्झाचा (पातळ, पारदर्शक कापडाचा) लहान तुकडा शिवून आत उलटवायचा, टोकाजवळ टाका बारीक करायचा, आणि सुई नेमकी टोकावर थांबवून कापड वळवायचे. एक धागा पुढे गेले तर चुणी, एक धागा अलीकडे थांबले तर भोक. ‘साधा पोशाख’ म्हणतात तो असा असतो.

काळाचाही विचार व्हावा. ब्रिटनमध्ये कपड्यांवर 1 जून 1941 पासून मार्च 1949 पर्यंत शिधावाटप होते. 1942 च्या नियमांनी चुण्या, खिसे, बटणे यांच्या संख्येवरही बंधन आणले होते. पाच सेंटिमीटर माया आणि मीटरचे मीटर घेर ही त्यानंतरच्या माणसांसाठी निव्वळ उधळपट्टी नव्हती, सुटका होती. लोणी तर मे 1954 पर्यंत मोजून मिळे. आल्माने शतावरीच्या कोंबांवर लोणी घातले म्हणून वुडकॉक संतापतो, तेव्हा त्या काळच्या लंडनकराने कपाळावर हात मारला असता.

चित्रपटात सगळे अचूक आहे असे नाही. कापणारा, अंगावर बेतणारी, विक्री सांभाळणारी आणि टाके घालणाऱ्या अशी जी उतरंड अशा घरांत असते, ती इथे वुडकॉकच्या एकट्याच्या खांद्यावर बरीचशी गोळा केली आहे. शिवणाऱ्या बायकांची मजुरी, त्यांचे डोळे, हिवाळ्यात बधिर होणारी बोटे यांच्याकडे कॅमेरा फार वळत नाही. सकाळी त्या जिना चढून येतात आणि पांढरे डगले चढवतात, ते दृश्य सुंदर आहे, पण तेवढ्यावर भागवले आहे.

मार्क ब्रिजेस यांना या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 4 मार्च 2018 रोजी ऑस्कर मिळाले. लेखात मात्र त्या समारंभातले सर्वांत आटोपशीर भाषण केल्याबद्दल त्यांना मिळालेल्या जेट-स्कीचाच उल्लेख आहे. हाच पुरस्कार 1983 मध्ये ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्याबरोबर कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी घेतला होता. मराठी वृत्तपत्रात वेशभूषेला दोन ओळी जास्त देण्याला एवढे कारण पुरेसे व्हावे.

एक विनंती. लेखाखाली कलावंतांची नावे दिली आहेत, त्यांत बिडी आणि नाना या दोन ज्येष्ठ शिवणकामगारांच्या भूमिका करणाऱ्यांची नावे नाहीत. त्यांची नावे सू क्लार्क आणि जोन ब्राउन. दोघी निवृत्त शिवणकार, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात स्वयंसेवक होत्या, तिथून त्यांना चित्रपटात घेतले. पडद्यावर त्या टाके घालतात तेव्हा त्यांच्या हातांना दिग्दर्शन लागलेले नाही, हे लगेच दिसते. लेख संकेतस्थळावर ठेवणार असाल तर ही दोन नावे त्यात घालावीत.

आपल्या,
शिवणकाम आणि कापणी शिकवणाऱ्या काही शिक्षिका, पुणे